आठवताना हिंट कधी द्यायची आणि कधी गप्प बसायचं: आठवणखुणा वापरण्याचा योग्य क्रम

नऊ शब्द ऐकवून झाले. समोरच्याने सहा सांगितले आणि तो अडला. आपल्याला राहवत नाही. मदत म्हणून उरलेल्यांपैकी एक शब्द आपणच सांगून टाकतो, वर त्याने आधी सांगितलेले दोन-तीन पुन्हा म्हणून दाखवतो. आता दोनच राहिले, ते तर येतीलच, असा आपला हिशेब असतो. पण बऱ्याचदा तो गप्पच राहतो. थोडं थांबलो असतो तर जे शब्द त्याचे त्याला आठवले असते, तेही आता हाती लागत नाहीत.

अभ्यास घेताना, नवीन माणसाला काम शिकवताना, फोनवर सूचना देताना हे रोज घडतं आणि दोष जातो आठवणाऱ्याच्या स्मरणशक्तीकडे. खरी चूक बहुतेक वेळा हिंट देण्याच्या वेळेत आणि हिंटच्या प्रकारात असते. नॉर्मन स्लामेका यांनी १९६८ मध्ये पाठ केलेल्या यादीतले काही शब्द लोकांना हिंट म्हणून दिले आणि उरलेले किती आठवतात ते मोजलं. हिंट न मिळालेल्या लोकांपेक्षा हिंट मिळालेल्यांना उरलेले शब्द जास्त आठवले नाहीत, उलट थोडे कमीच आठवले. त्याच वर्षी जॉन ब्राउन यांनी अमेरिकेतल्या ५० राज्यांची नावं आठवायला सांगितली. ज्यांनी त्यातली २५ नावं आधी वाचली होती, त्यांना बाकीची २५ आठवणं जास्त जड गेलं.

मग खुणा वापरायच्याच नाहीत का? जरूर वापरायच्या. फक्त त्यांची जागा शेवटी असते आणि खूण कशी असावी याचेही नियम आहेत. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेक लोक पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

सुरुवातीआधीची तयारी

वर्किंग मेमरी म्हणजे आत्ता, या घडीला, काम करण्यासाठी मनात धरून ठेवलेला मजकूर. आकडा ऐकून तो टाइप करेपर्यंतचे काही सेकंद, चार सूचना ऐकून त्या पार पाडेपर्यंतचं मिनिटभर, तोंडी हिशेबातला हातचा. इथे जागा फार थोडी असते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलेला अंदाज आज बऱ्यापैकी मान्य आहे: मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३ ते ५ सुटे घटक नीट धरता येतात. हिंटही त्याच जागेत बसते. ती ऐकायची, तिचा अर्थ लावायचा, ती आपण आधी सांगितली का हे तपासायचं, आणि हे सगळं होईपर्यंत बाकीचं धरून ठेवायचं. जागा आधीच भरलेली असेल तर हिंट आत येताना काहीतरी बाहेर ढकलते.

म्हणून आधी तीन गोष्टी ठरवा.

क्रम महत्त्वाचा आहे का? फोन नंबर, कोड, मशीन सुरू करण्याच्या पायऱ्या यांत क्रम चुकला तर सगळंच चुकलं. सोबत न्यायच्या वस्तूंच्या यादीत मात्र क्रमाला अर्थ नसतो. या दोन कामांसाठी खुणा वेगळ्या लागतात. त्याबद्दल सहावा टप्पा आहे.

किती वेळ धरायचं आहे? मिनिटभरासाठी असेल तर कल्पक युक्त्या महाग पडतात, साधं गट पाडणं पुरतं. परीक्षेपर्यंत धरायचं असेल तर ते दीर्घ स्मृतीचं काम झालं. तिथे युक्त्या करायला वेळ मिळतो.

हिंट कोण देणार? स्वतःची खूण आणि दुसऱ्याने दिलेली हिंट यांत मोठा फरक आहे. स्वतःची खूण आपल्या मनातल्या मांडणीतूनच आलेली असते. दुसऱ्याला ती मांडणी दिसत नाही, त्यामुळे त्याची हिंट कुठेही येऊन आदळते.

*तपासा:* मजकूर पाचापेक्षा जास्त सुट्या घटकांचा आहे आणि त्याचे गटही पडत नाहीत? मग तो मनात धरायचा हट्ट सोडा आणि सरळ लिहून घ्या. पुढचे टप्पे त्यासाठी नाहीत.

टप्पा १: ऐकण्याआधी मांडणी ठरवा

गट ऐकून झाल्यावर पाडायला गेलात तर पहिले घटक तेवढ्यात निसटतात. शक्य असेल तर सांगणाऱ्यालाच आधी विचारा: "किती गोष्टी आहेत? कशा प्रकारच्या आहेत?" तो "नऊ आहेत, तीन प्रकारच्या" एवढं म्हणाला तरी तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक शब्द आल्याबरोबर आपल्या कप्प्यात जातो.

सांगणारे तुम्ही असाल तर हे काम तुमचं. यादी वाचायच्या आधी कप्प्यांची नावं सांगा. हीच नावं पुढे खुणा म्हणून वापरायची आहेत, म्हणून ती दोघांनाही माहीत असायला हवीत. ऐकताना जे मनात नव्हतं ते आठवताना खूण म्हणून सहसा उपयोगी पडत नाही. एंडेल टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं. खूण कितीही समर्पक वाटो, शिकताना ती त्या मजकुराशी बांधली गेली असेल तरच ती काम करते.

*सावधान:* ऐकताना एक मांडणी आणि आठवताना दुसरी, असं करू नका. शब्द अवजारं-प्राणी-फर्निचर असे लावलेत आणि मग कोणी "अ पासून सुरू होणारं काही?" असं विचारलं, तर तुमची रचना निरुपयोगी होते आणि नवी उभारायला जागा उरलेली नसते.

टप्पा २: गट बांधा, एका गटाला एकच खूण

हे नऊ शब्द घेऊ: हातोडा, उंट, खुर्ची, करवत, कपाट, घोडा, टेबल, पाना, हत्ती.

सुटे धरायला गेलं तर नऊ घटक झाले, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट. अवजारं (हातोडा, करवत, पाना), प्राणी (उंट, घोडा, हत्ती), फर्निचर (खुर्ची, कपाट, टेबल) असे लावले तर वर तीन खुणा आणि प्रत्येकीखाली तीन शब्द. हे पेलतं.

प्रत्येक गटात तीन-चारपेक्षा जास्त घटक ठेवू नका. एकाच खुणेखाली जितके जास्त घटक, तितकी ती प्रत्येकासाठी दुबळी होत जाते. "प्राणी" या एका शब्दाखाली बारा नावं कोंबली तर तीन-चार येतात आणि मग तीच-तीच पुन्हा येत राहतात. अशा वेळी गट फोडा: पाळीव आणि जंगली, किंवा असाच दुसरा काही भेद. नवे गट मात्र आठवायला बसल्यावर पाडायचे नाहीत, यादी घेतानाच पाडायचे.

आकड्यांच्या बाबतीत गट पाडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ५७४९२८ हा कोड समजा तुम्ही "पाच सात चार, नऊ दोन आठ" असा धरलात. आता कोणी हिंट दिली, "शेवटी अठ्ठावीस आहे." तुमच्या मनात "दोन आठ" आहे आणि कानावर "अठ्ठावीस" पडतं, ज्यात आठ आधी ऐकू येतो. ते उलगडून पुन्हा दोन-आठ करायचं, आपल्या मांडणीत कुठे बसतं ते शोधायचं, आणि तोवर पहिले तीन आकडे घोळवायचं थांबलेलं असतं. हिंट अचूक आहे, तरी कोड गेला. म्हणून आकडे ज्या पद्धतीने दिले त्याच पद्धतीने हिंट द्या. सुटे दिले असतील तर सुटेच, जोडीने दिले असतील तर जोडीनेच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांसारखे ऐकायला जवळचे आकडे असतील तर जोड्या मुळीच करू नका, सुटे आकडेच बोला. सारख्या आवाजाचे घटक एकमेकांत मिसळतात, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

*तपासा:* ऐकून झाल्यावर फक्त गटांची नावं मनात म्हणा, आतले शब्द नकोत. सगळी नावं आली तर पुढे जा. एखादं राहिलं तर यादी पुन्हा ऐका. हा पुन्हा ऐकण्याचा एक वेळ पुढच्या दहा हिंटांपेक्षा स्वस्त पडतो.

टप्पा ३: मधले काही सेकंद सांभाळा

हा टप्पा सगळेच गाळतात, कारण इथे करण्यासारखं काही दिसत नाही. पण बराच मजकूर इथेच गळतो. लॉइड आणि मार्गारेट पीटरसन यांच्या १९५९ च्या प्रयोगात लोकांना फक्त तीन व्यंजनं धरायला दिली होती आणि लगेच एका संख्येपासून तीन-तीनने उलटं मोजायला लावलं होतं. १८ सेकंदांनंतर ती अक्षरं बहुतेक वेळा गेलेली असत. तीनच अक्षरं! मनात घोळवायला वाव मिळाला नाही की एवढंही टिकत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा: यादी संपल्यापासून ती आठवायला सुरुवात होईपर्यंत बोलणं बंद. सूचना देणाऱ्यांची सवय असते, शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच "ठीक आहे?", "आलं लक्षात?", "चल, सांग आता". हा शेपटासारखा जोडलेला शब्द निरुपद्रवी वाटतो, पण तो शेवटचा घटक पुसतो. रॉबर्ट क्राउडर आणि जॉन मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हे दाखवलं. आकड्यांची यादी ऐकवल्यावर त्याच आवाजात शेवटी एक जादा शब्द उच्चारला, तर तो लक्षात ठेवायचा नाही हे माहीत असूनही, शेवटच्या आकड्याची आठवण खालावते. फक्त एक टूं असा आवाज केला तर तसं होत नाही. बोललेला शब्दच घात करतो.

म्हणून "सांग आता" तोंडाने म्हणण्याऐवजी मानेने खुणवा, हात पुढे करा किंवा टेबलावर टिचकी मारा. ही छोटीशी सवय मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. तिच्यासाठी काहीही शिकावं लागत नाही आणि शेवटचा आकडा वाचतो.

*सावधान:* याच वेळात तिसरा माणूस शेजारी बोलत असेल, रेडिओवर किंवा टीव्हीवर बातम्या चालू असतील तर ते बंद करा. ऐकण्याकडे लक्ष नसलं तरी बोलण्याचा आवाज मनातल्या शब्दांच्या साखळीला धक्का देतो.

टप्पा ४: पहिली फेरी पूर्णपणे विनाखूण

सगळ्या लेखातून एकच टप्पा पाळणार असाल तर हा पाळा.

आठवणारा माणूस आपल्या मनात एक वाट धरून चाललेला असतो. आधी प्राणी, मग अवजारं, मग फर्निचर, असं काहीतरी. एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. तो "उंट, घोडा, हत्ती, हातोडा, करवत..." इथवर आला आणि क्षणभर थांबला. आपण पटकन म्हणालो, "कपाट! घोडा!" आता काय होतं ते बघा. "घोडा" ऐकल्यावर तो मागे जाऊन तपासतो, आपण घोडा सांगितला का? सांगितला. तिथून परत फिरतो. "कपाट" ऐकल्यावर फर्निचरचा गट वेळेआधीच उघडतो आणि तो खुर्ची, टेबलाकडे वळतो. करवतीनंतर जिभेच्या टोकावर आलेला "पाना" मात्र मागेच राहतो, कारण ज्या वाटेने तो येणार होता ती वाट सोडून दिली गेली. डेव्हिड आणि बार्बरा बेसडेन यांनी या अडथळ्याचं जे स्पष्टीकरण दिलं त्याचा गाभा हाच आहे: दिलेले शब्द आठवणाऱ्याला त्याचा स्वतःचा क्रम सोडायला लावतात.

दुसरंही एक कारण सांगितलं जातं. दिलेला शब्द मनात इतका ठळक होतो की त्या गटात शोधायला गेलं की पुन्हा पुन्हा तोच समोर येतो आणि भावंडं मागे पडतात. ही दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. दोन्हींवर उपाय एकच आहे.

तो उपाय असा: पहिल्या फेरीत कोणीही काहीही सांगायचं नाही. आठवणाऱ्याला थांबू द्या. थांबणं म्हणजे विसरणं नाही, एका गटातून दुसऱ्या गटात जाताना असा विराम पडतोच. तो "झालं, आता काही येत नाही" असं स्वतः म्हणेपर्यंत वाट बघा. म्हटल्यावरही मनातल्या मनात दहा आकडे मोजा. बऱ्याचदा त्याच दहा आकड्यांत आणखी एक शब्द येतो.

साक्षीदारांच्या मुलाखतीसाठी रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन यांनी १९८० च्या दशकात जी पद्धत विकसित केली, तिच्यातही आधी मोकळं कथन आणि नंतर प्रश्न हाच क्रम आहे. मध्येच तोडून नेमके प्रश्न विचारले तर माणूस आपली साखळी सोडून प्रश्नाच्या मागे जातो.

*तपासा:* आठवणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने "संपलं" म्हटलं का? नसेल म्हटलं तर पाचव्या टप्प्यावर जाऊ नका.

*सावधान:* त्याने सांगितलेले शब्द त्याच्या नजरेसमोर लिहू नका. लिहायचे असतील तर कागद आपल्याकडे वळवून लिहा. डोळ्यांसमोरची अर्धी यादी ही न बोलता दिलेली हिंटच असते.

टप्पा ५: आता खूण द्या, पण गटाची

खूण दोन प्रकारची असते. एक म्हणजे गटाचं नाव: "अवजारं". दुसरी म्हणजे गटातलं उदाहरण: "हातोडा". दोन्ही मदतच वाटतात, पण त्यांचा परिणाम उलट होऊ शकतो. टुल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये गटांत लावलेल्या शब्दयाद्या लोकांना दिल्या. आठवताना गटांची नावं दिलेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. म्हणजे शब्द मनात होते, पण तो गटच लक्षातून निसटल्याने ते बाहेर येत नव्हते. स्लामेका यांनी दिलेली हिंट यादीतलीच होती, आणि तिने फायदा झाला नाही.

म्हणून क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा फक्त विचारा: "कोणते गट घेतलेस?" त्याने स्वतः तीन गटांची नावं घेतली तर बहुधा तिथेच राहिलेला गट त्याच्या लक्षात येतो.

ते पुरलं नाही तर राहिलेल्या गटाचं नाव सांगा, एका वेळी एकच. "अवजारं सगळी झाली का?" एवढंच. मग पुन्हा गप्प.

तो गट पूर्णच निसटला असेल, म्हणजे त्यातला एकही शब्द आलेला नसेल आणि गटाचं नाव सांगूनही काही येत नसेल, तरच त्यातला एक शब्द सांगा. एकच. या एका शब्दाने गट उघडतो. दुसरा आणि तिसरा शब्द दिला की उघडलेल्या गटातले उरलेले शब्द मागे सरायला लागतात.

गटातले दोन आले आणि एक राहिला असेल, तर त्या गटातलं उदाहरण देऊन काहीही मिळत नाही, कारण तो गट आधीच उघडलेला आहे. इथे राहिलेल्या शब्दाचाच काही गुण सांगा: पहिलं अक्षर, तो कशासाठी वापरतात, ऐकताना तो कोणत्या शब्दानंतर आला होता. "नट सैल करायला लागतो ते" असं म्हटलं की खूण सरळ त्या एका शब्दाकडे बोट दाखवते, भावंडांकडे नाही.

नाव आठवत नसलेल्या माणसावर "सुरेश? रमेश? महेश?" असा भडिमार करणारे याच ठिकाणी चुकतात. प्रत्येक चुकीचं नाव त्याला ऐकावं लागतं, ताडून पाहावं लागतं आणि बाजूला सारावं लागतं. नावाचं पहिलं अक्षर खात्रीने माहीत असेल तर तेवढंच सांगा आणि थांबा.

*सावधान:* "हेच नीट लक्षात ठेव" असं म्हणून एका घटकाकडे बोट दाखवणं हीसुद्धा खूण आहे आणि तिची किंमत बाकीचे घटक मोजतात. पडद्यावर काही आकृत्या क्षणभर दाखवून त्या नाहीशा झाल्यावर एका जागेकडे बाण दाखवला, तर त्या जागेवरची आकृती जास्त चांगली आठवते. पण बाणाने दाखवलेली सोडून दुसरीच विचारली तर उत्तर जास्त चुकतं. चार सूचना देऊन "तिसरी महत्त्वाची" असं म्हणायचं असेल, तर बाकीच्या तीन सुटल्या तरी चालतील का, हे आधी स्वतःला विचारा. चालणार नसेल तर तिसरी सूचना वेगळी, सगळ्यात शेवटी द्या.

टप्पा ६: क्रम हवा असेल तर जागा द्या

क्रमाच्या कामात खेळ थोडा बदलतो. घटक कोणते हे माहीत आहे आणि प्रश्न फक्त कुठला कुठे एवढाच आहे, तेव्हा काही घटक त्यांच्या मूळ जागी मांडून दिले तर उरलेले लावायला मदतच होते. मॅथ्यू सेरा आणि जेम्स नेर्न यांच्या २००० मधल्या कामात हे दिसलं. अट एकच: दिलेला घटक आपल्या जागी असायला हवा.

सहा पायऱ्यांचं काम असेल तर सहा रिकाम्या रेघा ओढा आणि माहीत असलेली पायरी तिच्या रेघेवरच लिहा. "पंप बंद करायचा हेही त्यात होतं" अशी जागा न सांगता सुटी सोडलेली हिंट इथे सगळ्यात वाईट. तिची जागा शोधण्यात धरून ठेवलेली साखळी तुटते. "चौथी पायरी: पंप बंद" म्हटलं तर तिसरी आणि पाचवी तिच्या दोन्ही बाजूंनी पकडता येतात.

बोलून हिंट द्यायची असेल तर साखळी पहिल्यापासून म्हणायला लावा. मधूनच "पाचवं काय होतं?" असं विचारू नका. "पहिल्यापासून म्हण" म्हटलं की चौथ्याच्या ओघात पाचवं येतं.

टप्पा ७: अडकलं तर खुणा काढून घ्या

हिंट दिली आणि माणूस आणखीच अडकला, तर आपण काय करतो? दुसरी हिंट देतो. मग तिसरी. इथे उलट करायचं असतं. यादीतले दिलेले शब्द नजरेआड केले आणि पुन्हा मोकळेपणाने आठवायला सांगितलं, तर अडलेले शब्द अनेकदा परत येतात. म्हणजे हिंटने शब्द पुसलेले नसतात, फक्त त्यांच्याकडे जायची वाट रोखलेली असते.

कागदावर हिंट असेल तर कागद उलटा ठेवा. तोंडी दिली असेल तर "मी सांगितलेलं सोडून दे, तू जसं लावलं होतंस तसं पहिल्यापासून म्हण" असं सांगा. ही दुसरी फेरीही विनाखूण. आकडे किंवा काही सेकंदांपुरता धरलेला मजकूर असेल तर मात्र हा उपाय फारसा चालत नाही, कारण तेवढ्या वेळात तो गेलेलाच असतो. तिथे यादी पुन्हा ऐकवणं हाच मार्ग आहे.

एकामागून एक अशा बऱ्याच याद्या घेत असाल तर चौथ्या-पाचव्या यादीला आधीचे शब्द मध्ये घुसायला लागतात. अशा वेळी हिंट वाढवू नका, विषय बदला. प्राण्यांच्या याद्या चालल्या असतील तर एक यादी आकड्यांची घ्या. मजकुराचा प्रकार बदलला की आठवण पुन्हा सुधारते, हे डेलोस विकेन्स यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं आहे.

टप्पा ८: अनेक जण मिळून आठवत असतील तर

बैठकीत काय ठरलं, कार्यक्रमाला कोण कोण आलं होतं, घटनेत नेमकं काय झालं, असं चार जण मिळून आठवतात तेव्हा प्रत्येकाचा शब्द बाकीच्या तिघांसाठी न मागता मिळालेली हिंट असतो. मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांच्या १९९७ च्या प्रयोगात तिघांच्या गटाला एकत्र बसून एकट्या माणसापेक्षा जास्त आठवलं. पण तेवढ्याच तिघांनी वेगवेगळं आठवून, नंतर आलेले दुहेरी शब्द वगळून जी बेरीज होते, तिच्यापेक्षा ते कमी होतं.

म्हणून आधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, कोणाशीही न बोलता, "माझं संपलं" म्हणेपर्यंत. सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावरच वाचन. वाचन झाल्यावर आणखी एक फेरी चर्चेची. या फेरीत दुसऱ्याच्या शब्दाने काही नवं सुचलं तर तो निव्वळ फायदा, कारण स्वतःचं आधीच कागदावर आलेलं असतं. घाईत लोक ही पहिली, गप्प राहण्याची फेरी गाळतात, आणि सगळ्यात आधी बोलणाऱ्याची यादी सगळ्यांची यादी होऊन बसते.

वारंवार होणाऱ्या चुका

आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची हौस. आठवडाभर लक्षात ठेवायचं असेल तर हरकत नाही. मिनिटभरासाठी मात्र तो शब्द बनवायचा, धरायचा आणि पुन्हा उलगडायचा, हा खर्च मूळ यादीपेक्षा जास्त होतो. त्यात दोन घटकांचं आद्याक्षर एकच निघालं तर वरच्या यादीतल्या "करवत" आणि "कपाट" सारखा गोंधळ ठरलेला.

अर्ध्याच यादीची उजळणी. परीक्षेच्या आदल्या दिवशी एका गटातली चार उदाहरणं घोकली आणि चार सोडली, तर सोडलेली जिथे होती तिथेच राहतात असं नाही. मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्योर्क आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी १९९४ मध्ये दाखवलं की गटातले काही घटक पुन्हा पुन्हा आठवले की त्याच गटातले न आठवलेले घटक, ज्या गटांना हातच लावला नाही त्यांतल्या घटकांपेक्षाही मागे पडतात. वेळ कमी असेल तर थोडे गट पूर्ण करा, सगळे गट अर्धे करू नका.

अर्धवट लिहिलेली यादी समोर ठेवून "बाकीचं आठवेल" म्हणणं. लिहायची तर पूर्ण लिहा. अर्धी लिहिली असेल तर आठवताना ती झाकून ठेवा आणि पहिली फेरी झाल्यावर उघडा.

एकच खूण सगळीकडे वापरणं. हातावर काढलेली फुली सकाळी एका कामासाठी, दुपारी दुसऱ्या आणि संध्याकाळी तिसऱ्या. फुली दिसते, काहीतरी होतं एवढं आठवतं आणि नेमकं काय ते आठवत नाही.

स्वतःवर पडताळून बघा

सारख्याच अवघड दोन याद्या करा, प्रत्येकी १२ शब्दांच्या, चार गटांच्या. दोन्ही एकाच गतीने दुसऱ्याकडून वाचून घ्या. पहिली आठवताना सुरुवातीलाच यादीतले चार शब्द हिंट म्हणून घ्या. दुसरी आठवताना आधी विनाखूण फेरी करा आणि मग फक्त गटांची नावं घ्या. मोजताना बहुतेक जण एक घोळ करतात: हिंट म्हणून मिळालेले चार शब्द पहिल्या यादीच्या गुणांत धरतात आणि हिंटने फायदा झाला असं समजतात. ते चार शब्द मोजायचे नाहीत. पहिल्या यादीतल्या उरलेल्या आठांपैकी किती आले ते बघा. दुसऱ्या यादीतही पहिल्या यादीत हिंट दिल्या त्याच क्रमांकांवरचे चार शब्द वगळून उरलेल्या आठांपैकी किती आले ते मोजा. मग दोन आकडे शेजारी ठेवा. एकाच वेळच्या निकालावर जाऊ नका. नवीन याद्या घेऊन, क्रम उलटा करून, म्हणजे विनाखुणेची यादी आधी घेऊन, पुन्हा एकदा मोजा.